मिश्री सुटल्यावर आलेलं रक्त

डॉ. मालतीबाईंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. भुकूमच्या त्यांच्या दातांच्या दवाखान्यात मी आईला घेऊन तावातावाने शिरले. "तुमी हिला मिसरी सोडाय लावली आन् हिरड्यांतनं रक्ताची धार लागली. पुन्यांदा लावली तवा थांबलं. मग औषीद कुटलं खरं?"

हातातलं काम ठेवून बाई आमच्यासमोर बसल्या. म्हणाल्या, "चूक माझी आहे. मिश्री सोडल्यावर काही दिवस रक्त येतं, हे मी आधीच सांगायला हवं होतं."

मग त्यांनी समजावलं. दात आणि हिरडीमधल्या फटीत, जिथे हवा पोचत नाही तिथे, पॉर्फिरोमोनस जिंजिव्हालिस नावाचा जंतू राहतो. इतर जंतूंना हाताशी धरून तो शरीराची बचावाची यंत्रणाच बिघडवतो आणि दात धरून ठेवणारं हाड झिजत जातं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच; तिने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून रक्त दिसत नाही. आतली झीज चालूच राहते.

आईला ते पटलं नाही. रक्त थांबवते ती मिसरी, एवढंच तिने डोळ्यांनी पाहिलं होतं. बाई दर गुरुवारी रिहे गावी आमच्या घरी येत. आई चहा द्यायची, पण तपासायला तोंड उघडायची नाही. दातांनी सुतळी तोडणाऱ्या माझ्या आईचे दात एकेक करून हलले आणि पडले. बाईंनी करून आणलेली कवळी तिने एकदाही घातली नाही. तिला दवाखान्यात मुळात पाठवलं होतं मीच, आणि ते मला अजून खातं.

पुढे बाईंनी मला मदतनीस म्हणून घेतलं, हत्यारं उकळण्यापासून सगळं शिकवलं. मिश्री सोडायला निघालेल्या प्रत्येकीला त्या आधी माझ्या आईची हकिगत सांगतात, स्वतःची चूक जराही न झाकता. ती ऐकून काही जणी परत फिरकत नाहीत. मी एकदा चिडून विचारलं, "कशाला सांगता?" त्या म्हणाल्या, "ज्या येतील त्या रक्त पाहून घाबरणार तरी नाहीत."

आता त्यांचे हात थरथरतात. हत्यार त्यांनी खाली ठेवलं आहे. बसून समजावण्याचं काम तेवढं करतात. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथालाही त्या नकोच म्हणत होत्या. शेवटी मला म्हणाल्या, "लिहायचंच असेल तर तुझ्या आईचं लिही. पण तिला विचारून."

मी विचारलं. आई दुधात भाकरी कुस्करत होती.

"लिही की. माजं दात काय आता परत यायचं न्हाईत, आन् ती बाई मला अजून बी आवडत न्हाई. पर तिला म्हणावं, शंभर वरसं धडधाकट ऱ्हा. तू गेल्यावर तुजी चूक दुसरं कोण सांगंल?"