दातानं तोडलेला दोरा

हल्ली मला जांभईची धास्ती वाटते. ती येतेय असं वाटलं की हनुवटीखाली मूठ धरायची, म्हणजे जबडा फार उघडत नाही. दुखण्यानं माणूस दमतं, दमलं की जांभया येतात आणि जांभई दिली की पुन्हा दुखतं. एसटीत अशी मूठ लावून बसले की शेजारची बाई विचारते, "आजी, कशाचा इचार करून राहिल्या?"

"कशाचा न्हाई माय. तोंड धरून बसलेय."

तरुणपणी हे जमलं असतं, तर सासरचे दिवस किती सुखात गेले असते.

दुखणं उजव्या कानापाशी सुरू झालं. घास चावला की कानात कट्ट वाजायचं. मला वाटलं, कानच बिघडला. लसूण घालून तेल कोमट केलं, कानात सोडलं. उशीचा अभ्रा तेलकट झाला, बाकी काही नाही. मग वाटलं, दाढच असणार. नांदेडात एका दवाखान्यात गेले आणि काढाच म्हणून डॉक्टरांच्या मागं लागले. ते बिचारे म्हणत होते, "दाढ चांगली दिसतेय हो." मी म्हटलं, "दुखतंय मला का तुम्हाला?" काढली. चांगली ठणठणीत दाढ कापसात बांधून घरी आणली. दुखणं जागच्या जागी.

पुढं तोंडच उघडेना. भाकरी दुधात कुस्करायची, भातात वरण जास्त घालायचं आणि गिळायचं. दोन वाक्यं बोलले की गालफड भरून यायचं. मी गप्प बसायला लागले तेव्हा कुठं घरात सगळ्यांना खरी काळजी लागली.

माझी नात लातूरला असते. तिला दिवस गेलेले. तशातही तीच मला तिथल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईकडं घेऊन गेली. डॉक्टरीण म्हणजे नातीच्याच वयाची पोरगी. म्हणाली, "आजी, तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घाला." दोन गेली, तीही कशीबशी. मग तिनं माझ्या दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली. "उघडा. मिटा. परत उघडा." ते कट्ट तिच्या बोटांनाही लागलं असणार.

"दाढेचं नव्हतंच हे. इथं जबड्याचा सांधा असतो, दाराच्या बिजागरीसारखा. तो दुखावलाय. आजूबाजूचे स्नायूही शिणलेत." मग तिनं आरसा घालून माझे पुढचे दात निरखले. वरच्या दाताला बारीक खाच होती. "आजी, दातानं काय तोडता?"

"दोरा," मी म्हटलं. आणि मला आत्याबाई आठवल्या.

आत्याबाई म्हणजे माझी सासू. आमच्या घरात जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवायच्या. आम्ही दोघी अंगणात वाकळीच्या दोन टोकांना बसायचो. मध्ये कात्री ठेवलेली. मी काही तिला हात लावायची नाही. खालचा जबडा पुढं काढायचा, दोरा दातांत धरायचा, मानेला हिसका द्यायचा, की तुटला. मला वाटायचं, काय आपली चपळाई! सुपारी दातानं फोडायची, उसाचं कांडं दातानं सोलायचं, नाड्याची गाठ दातानं सोडायची. कुणी बघत असलं तर जरा जास्तच जोरात.

"अगं, कात्री हाय की. उंदरावानी काय कुरतडून राहिलीस?"

"आत्याबाई, कात्री शोधू शोधू बेजार व्हण्यापरीस दात बरे. जागेवरच असतेत."

काय ती ऐट! पोरीला वाटत होतं, दात म्हणजे सरकारी नोकरी, एकदा लागली की बघायला नको.

डॉक्टरीणबाईनं माप घेऊन वरच्या दातांवर बसेल अशी कडक प्लास्टिकची पट्टी करून दिली. जेवताना काढायची, बाकी वेळ घालायची. गरम फडक्यानं शेकायचं, मऊ खायचं, दातानं काही तोडायचं नाही. "दात एकमेकांना लागू देऊ नका. आणि तोंड नाहीच उघडलं, तर सांध्यात सुई घालून आतून धुवावं लागेल."

कानापाशी सुई! परत येताना अहमदपूर गेलं तरी माझ्या डोळ्यांपुढं ती सुईच होती. जन्मभर सुया हाताळल्या, पण टोक आपल्याकडं कधी नव्हतं.

म्हणून मी पट्टी इमानानं घातली. दिवसरात्र घातली. पट्टी घालूनच नातीच्या बाळाचं दुपटं शिवत बसले. पुढच्या खेपेला डॉक्टरीणबाईनं पट्टी हातात घेतली, खिडकीपाशी नेली, उलटीसुलटी केली. तोंड तेवढंच उघडत होतं, दुखणंही तेवढंच.

"आजी, इथं पुढं ही खाच कशाची?"

"दोऱ्याची."

"दातानं तोडायचं नाही म्हटलं होतं ना?"

"दातानं कुठं? तुमच्या पट्टीनं तोडला. दाताला लागूसुद्धा दिला न्हाई."

नातीनं कपाळाला हात लावला. डॉक्टरीण आधी हसली, मग खुर्चीवर टेकली. "अहो, दातांचं नाही, जबड्याचं चाललंय. तो पुढं ढकलून हिसका दिला की सांधा ताणतोच, मध्ये पट्टी असो का लोखंड. आता महिनाभर बघते. नाहीतर सुई."

त्या खेपेला मी लातूरला नातीकडंच राहिले. घरी आल्यावर तिनं बारकी कात्री फितीला बांधून माझ्या गळ्यात अडकवली. "आता तरी सापडंल का, आजी?"

मोठं अवघड गेलं. दोरा संपत आला की हात आपोआप तोंडाकडं जायचा. नात तिकडून ओरडायची, "कात्री!" कधी मला आत्याबाईंचाच आवाज वाटायचा. चिडून दुपटं बाजूला टाकायची, गाल शेकत पडून राहायची. औषध घ्यायचं असतं तर घेऊन मोकळी झाले असते. इथं नुसतं काही न करण्याचंच औषध, आणि त्याचाच शीण फार.

महिन्यानं पुन्हा ती खुर्ची. दोन बोटं सहज गेली. तिसरं जरा घासून, पण गेलं.

"सुई नको," डॉक्टरीण म्हणाली. "पट्टी मात्र चालू."

"किती दिवस?"

"बघू."

त्या दिवशी नातीनं भाकरी केली. मी नुसता वरचा पोपडा काढून घेतला, दुधाविना, दोन्हीकडून हळूहळू चावला. कट्ट वाजलं. थोडं थांबून मी पुढचा तुकडा मोडला. हातानं.