दुपारचं ताट

मुमताजभाभींची गाय तोंडातून फेस गाळत धापा टाकत होती. मी थर्मामीटर धरून तिच्या मागे उभी, आणि पिशवीत माझा फोन तिसऱ्यांदा वाजत होता. फोन नवऱ्याचा, मधुकरचा. म्हणजे घरी ताट परत आलं होतं.

मी जनावरांची डॉक्टर. संगमनेरच्या बाजूला एका दूध संघात चोवीस वर्षं काम करते. पण यंदाच्यासारखा उन्हाळा माझ्या तरी आठवणीत नाही. पारा त्रेचाळीसवर चढायचा, मधेच वादळ येऊन गोठ्यांचे पत्रे उडवायचं, वायरी तोडायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्रेचाळीस. सकाळीच साहेबांचा फोन झाला होता.

"मॅडम, तुमच्या रूटचं दूध उतरलंय. काय करताय तुम्ही?"

"वैरणीच्या वेळा बदलून घेतेय, सर."

"एवढंच?"

"सूर्य माझ्या हाताखाली नाही, सर."

वैरणीचं गणित सोपं आहे. गाईने खाल्लेला चारा पोटात आंबतो आणि त्यातून उष्णता तयार होते. बाहेर ऊन आणि आत ही शेगडी, जनावर सोसणार किती? याला आम्ही हीट स्ट्रेस म्हणतो. म्हणून उन्हाळ्यात पोटभर चारा टाकायचा तो पहाटे आणि ऊन उतरल्यावर. दुपारी सावली आणि पाणी. भाभींना हे पाठ होतं. पण त्या आदल्या दिवशी माहेरी गेल्या आणि त्या परतायच्या आत दिराने कौतुकाने भर दुपारी गाईपुढे पाटीभर मुरघास ओतला. मी गाईवर पाण्याचा पाईप सोडला, तो भाभींच्या हातात देऊन इंजेक्शन दिलं आणि भाभींना झाप झाप झापलं. मला राग लवकर येतो आणि तो मी लपवत नाही.

फोन उचलला. मधुकर म्हणाला, "दादांनी दोन घास घेतले आणि ताट सारलं. मी एकच्या ठोक्याला वाढलं होतं बघ."

दादा म्हणजे माझे वडील, एसटीचे रिटायर्ड ड्रायव्हर. न्यूमोनियातून उठले, पण अन्नावरची वासना उडाली ती परत येईना. डॉक्टरांनी बजावलं होतं की सोमवारी वजन करू, आणखी घटलं तर ॲडमिट करून नाकातून नळी घालावी लागेल. दादा म्हणाले होते, "नळी डिझेलच्या टाकीला लावत्यात. मी टाकी हाय का?" मी तेवढ्यापुरती हसले होते. आज गुरुवार होता.

मधुकर झेडपीच्या शाळेत शिक्षक. सुट्टी लागल्यापासून स्वयंपाकघर त्याच्या ताब्यात. हॉस्पिटलने दिलेला आहाराचा तक्ता त्याने फ्रिजवर चिकटवला होता आणि शाळेच्या टाइमटेबलसारखा तो पाळायचा. आठला थोडी पेज, एकला पूर्ण जेवण, रात्री आठला खिचडी.

"कुनाला जेवाय घालताय?" भाभींनी विचारलं.

"वडलांना. जेवतच नाहीत."

"किती वाजता देता?"

"एक वाजता. तक्ता आहे तसा."

भाभींनी पाईप बाजूला ठेवला. "गाईला दुपारी घातलं म्हनून मला एवढं बोललात. आन् म्हाताऱ्या मानसाला भर उन्हात पोटभर?"

"भाभी, माणसाला चार पोटं नसतात. ते वेगळं असतं."

"येगळं आसंल. पन उन्हात जेवन मला बी जात न्हाई. तुमाला जातं का?"

मला जात नव्हतं. माझा डबा गाडीत तसाच पडून होता.

तिथूनच मी हॉस्पिटलला फोन लावला. "जेवणाची वेळ बदलली तर चालेल का?"

डॉक्टर म्हणाले, "चालेल की. औषधांतलं अंतर तेवढं ठेवा."

"मग तक्त्यात एक वाजताच का लिहिलंय?"

"आमच्या वॉर्डात जेवणाची ट्रॉली एकला येते, म्हणून."

म्हणजे आम्ही पंधरा दिवस हॉस्पिटलच्या ट्रॉलीप्रमाणे चाललो होतो. घरात ट्रॉली नाही. दादांची खोली मात्र वरच्या मजल्यावर, स्लॅबखाली, आणि वादळानंतर लाईट गेली की दुपारभर कूलर बंद.

शुक्रवारी पहाटे पाचला दादांना दारापुढच्या ओट्यावर बसवलं. गार वारा होता. दुधात अर्धी भाकरी कुस्करून दिली. ती संपवून त्यांनी वाटी पुसली. तीस वर्षं पहिल्या गाडीची ड्युटी केलेला माणूस, त्याचं जेवण याच वेळेला व्हायचं. हे मला लहानपणापासून ठाऊक होतं.

"दादा, दुपारी जात नाही हे सांगायचं की."

ते आत मधुकरकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "लेकीच्या घरी ऱ्हायचं आन् जावयानं हातानं रांधलेल्याला नावं ठिवायची? मला न्हाई जमत ते."

इतके दिवस हा माणूस जावयाचा मान राखत उपाशी राहिला होता. मला रडू आलं आणि रागही आला, दोन्ही एकदमच. ऐकून मधुकर ओट्यावर आला. "दादा, शाळेत पोरं रोज माझ्या डब्यातल्या भाजीला नावं ठेवतात. तुम्हीही ठेवा." रविवारी पहाटे दादांनी विचारलं, "शेंगदान्याची चटनी कुठाय?" मधुकर इतक्या लगबगीने आत पळाला की दारात ठेचकाळला.

सोमवारी काट्यावर वजन सहाशे ग्रॅमने वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी नळीचं नाव काढलं नाही. दादांनीच काढलं. म्हणाले, "ती टाकीची नळी कुनाला लागत आसंल तर द्या."

चोवीस वर्षं परक्याच्या गोठ्यात पाऊल टाकल्याबरोबर मी विचारते, वैरण कधी घालता? घरात तेच विचारायला मला पंधरा दिवस लागले, आणि तेही मुमताजभाभींनी सुचवल्यावर.