डावी कूस वर

ओटीत, म्हंजे आपरेशनच्या खोलीत, काम करणाऱ्याच्या पोटात किस्से साठतच जातात. घरी जेवताना सांगावं तर बायको ताट घेऊन उठते, म्हणून तुमाला सांगतो. मी सातवी शिकलेला. आधी गवंडी व्हतो, आता कल्याणच्या एका दवाखान्यात ओटीतला मामा. डॉक्टर पण मामाच म्हणतात. मणक्याचं आपरेशन असलं की पेशंटला कुशीवर झोपवून टेपनं बांधायचं काम माझं. त्यात माझा हात धरणारा अजून कोणी भेटला नाय.

*

पहिल्याच आठवड्यात मी आमच्या सर्जन मॅडमना इचारलं, "दुखणं पाठीचं, मंग घुसता कुशीतनं कशाला?"

मॅडम रागावल्या नायत. म्हणाल्या, "मामा, कुशीतून गेलं की पाठीचे स्नायू कापावे लागत नाहीत. पण मणक्याच्या पुढ्यात दोन मोठ्या रक्ताच्या नळ्या असतात. डावीकडची जाड, रबरी पाइपासारखी. उजवीकडची पातळ, ओल्या कागदासारखी. ती फाटली तर शिवता शिवता माणूस जातो. म्हणून आपण डावी कूस वर ठेवतो आणि जाड नळीच्या बाजूनं जातो."

"आणि पेशंट जरा कलला तर?"

"मला वाटेल मी सरळ चाललेय, आणि हत्यार जाईल नळीत."

त्या दिवसापासनं मी पेशंट असा बांधतो, की ओळंबा सोडून बगा.

*

एकदा निम्मं बांधून झालं व्हतं. नवीन आलेले एक डॉक्टर म्हणाले, "बस झालं मामा, अंदाजे बरोबर आहे."

माझं डोकं सटकलं. टेप खाली ठेवला. "साहेब, अंदाजे बांधलेली भिंत पडली तर परत बांधता येते. हा माणूस बांधता येईल का?"

एक्सरेच्या मशीनवर बघितलं, तर पेशंट कललेला. मंग साहेबांनी कमरेखाली घालायला उशी स्वतः आणून दिली.

*

गावी टोकावड्याला भावाच्या घरी बोकड कापला. मी खाटकाला म्हटलं, "कणा तोडू नको, आधी मला आत बगू दे."

बोट घालून बगतो, तर खरंच कण्याला चिकटून दोन नळ्या. एक जाड, एक पातळ.

खाटीक म्हणतो, "मटण खायचंय का डॉक्टरकीची परीक्षा द्यायचीय?"

वयनी पडवीत आडवी पडून बगत व्हती. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. मणक्याच्या दुखण्यानं तिचे पाय बधिर पडायचे, दोन वर्षं भाताच्या आवणीला उभी रायली नव्हती. आपरेशनचं नाव काढलं की तोंड फिरवायची. त्या दिवशी म्हणाली, "ह्याच नळ्यांच्या शेजारनं माझं कापणार का रे?"

"हां. पण बांधणार मी."

"मंग येते."

*

आपरेशनच्या आदल्या दिवशी मी तिला आणायला टोकावड्याला गेलो. सकाळी भूल दिली, मी बांधायला घेतली. लता सिस्टर जवळ आल्या. बाई कसाऱ्याच्या, आवाज एवढासा.

"मामा, एमआरआयचा फोटो बघितलात का?"

"सिस्टर, तुमी तुमची हत्यारं मोजा."

"अवो, पण कूस..."

"सात वर्षं डावीच वर बांधतोय. मला शिकवू नका." पार बाहेरपर्यंत ऐकू गेलं.

मी बांधली. इतकी सरळ मी आजवर कोणाला बांधली नव्हती. मशीनवर मणके कसे, रेघ मारल्यासारखे. मागं वळून बगतो, तर सिस्टर हत्यारांच्या ट्रॉलीपुढं दोन्ही हात आडवे करून उभ्या.

"मॅडम आल्याशिवाय कोणी काय उचलायचं नाय." आवाज तेवढाच एवढासा.

मॅडम आल्या. आधी मशीन बघितलं. "मामा, एक नंबर. पण उलटी बांधलीत. ह्यांची पातळ नळी डावीकडं आहे. क्वचित असते अशी. काल सगळ्यांना फोटो दाखवला, तुम्ही नव्हता. आज उजवी कूस वर."

ज्या नळीच्या भीतीनं सात वर्षं बांधली माणसं, तीच वयनीची मी चाकूपुढं धरली व्हती. टेप सोडला. सिस्टर दुसऱ्या बाजूला येऊन उभ्या रायल्या. दोघांनी मिळून वयनीला फिरवली, आणि मी परत बांधली. तेवढीच सरळ.

रक्त वाटीभर पण गेलं नाय. दुसऱ्या दिवशी सकाळी वयनी वॉर्डात भिंतीला धरून चालली.

त्याच दिवशी दुपारी दुसरा पेशंट आला. टेबलावर घेतला, भूल दिली. एमआरआयचा फोटो बगून झाला, तरी मी टेप हातात धरून उभा. भुलीचे डॉक्टर घड्याळ बघायला लागले.

"मामा, बांधा की. कशाला थांबलात?"

"सिस्टर हात धुतायत," मी म्हटलं.