एक काना

वेदवतीबाईंच्या वर्गात आधी वस्तूला हात लावायचा, तिचा वास घ्यायचा, तिच्याबद्दल मनसोक्त बोलायचं आणि मगच पेन्सिल उचलायची. कुवेंपुनगरातल्या मंडळाच्या हॉलमध्ये दर रविवारी मराठी घरांतली मुलं लिहायला यायची. घरात निम्मं मराठी, निम्मं कन्नड. कागदावरही तसंच उतरायचं. बाई कन्नड शब्दावर कधी काट मारत नसत. "पाहुणा आलाय, बसू दे," म्हणायच्या. "त्याचा मराठी भाऊ कोण, ते घरी विचारून या."

मागच्या वर्षी त्यांचा उजवा हात थरथरू लागला. पाऊलही जड झालं. यजमान गुंडेराव म्हणाले, "साकु वेदा, आता पुरे कर."

"मुलांच्या लक्षात येईल त्या दिवशी सोडते."

तेव्हापासून त्या फळ्यावर मुलांनाच लिहायला लावू लागल्या. ही नवी पद्धत, म्हणून सांगितलं. मुलं खूश, आणि बाईंना वाटे, झाकली मूठ राहिली.

त्या रविवारी 'ओळखा कोण'चा खेळ होता. नाव न घालता माणूस लिहायचा. "दिसतं तेच लिहा हं, उगाच छान छान नको," बाईंनी बजावलं.

तुळसी उठून वाचू लागली. "त्या खडू आम्हालाच देतात. हात पदराखाली ठेवतात. चहा अर्धाच मागतात, म्हणजे सांडत नाही."

"मिस," सगळी एकदम म्हणाली. कुणाला विचारच करावा लागला नाही.

बाई हसल्या, हसणं भागच होतं. "आता ओळखलंच आहे, तर राहिलेलं शेवटचं वाक्य नाव घालून फळ्यावर लिही बघू."

तुळसीनं लिहिलं, 'मिस आता निधन झाल्या आहेत.'

मंडळाचे सेक्रेटरी फत्तेसिंगराव हॉलला कुलूप लावायला आले होते. वाचून म्हणाले, "अगं, मिसना जिवंतपणीच पोचवलंस की."

"निधान, सार. म्हणजे हळू. आमच्या घरी तसंच म्हणतात." तुळसी रडवेली झाली.

"एक काना तर राहिलाय," म्हणत बाईंनी खडू घेतला. 'ध'ला उभी रेघ द्यायची, एवढंच काम. रेघ थरथरत निघाली आणि शेजारच्या 'न'वर जाऊन आडवी झाली.

एरवी कशालाही फिदीफिदी हसणारी मुलं आपापल्या वह्यांत बघू लागली.

"कधीपासून दिसतंय गं तुला?"

"गणपतीच्या आधीपासून, मिस. सगळ्यांनाच. सांगायचं नाही असं ठरलं होतं आमचं. आज तुम्हीच म्हणालात, दिसतं तेच लिहा."

बाईंनी खडू तिच्या हातात दिला. "काना तूच दे." मग फत्तेसिंगरावांकडे वळल्या. "पुढच्या रविवारसाठी दुसरं कुणी बघा."

"अहो, पोर चुकली म्हणून?"

"नाही हो. बरोबर लिहिलं म्हणून."

खाली गुंडेराव स्कूटर घेऊन उभे होते. बाईंचा चेहरा पाहून ते स्कूटर लावून जवळ आले. शेवटच्या पायरीशी त्यांनी हात पुढे केला.

"निधान," म्हणाले.