गळ्यातला ठोकळा

महाडला आमच्या शाळेत इंग्रजी शिकवणारे मास्तर मुंबईला पाद्र्यांच्या हायस्कुलात शिकले होते, आणि ही गोष्ट ते दिवसातून तीनदा तरी आम्हा बाकीच्या मास्तरांना कळवत. "आमचे फादर" म्हणताना ते आधी कोटाचं वरचं बटण लावून घेत.

त्या हायस्कुलातला एक रिवाज त्यांनी इथे आणला होता. जो मुलगा मराठी बोलेल त्याच्या गळ्यात लाकडाचा ठोकळा अडकवायचा. त्याने तो पुढच्या मराठी बोलणाऱ्याच्या गळ्यात घालायचा. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल त्याला छड्या. मी त्याच शाळेत मराठी शिकवत असे. कविता कोण म्हणतो असं विचारलं की माझा अख्खा वर्ग कौलांकडे बघत बसे.

एकदा मधल्या सुट्टीत इंग्रजीच्या मास्तरांची आई पोलादपूरकडच्या डोंगरातून भाकरी घेऊन चालत आली. मास्तर गडबडले आणि बोलून गेले, "आये, येवढ्या लांब कशाला आलीस गो?"

पडवीतली पोरं खायची थांबली. ज्याच्या गळ्यात ठोकळा होता तो मुलगा पुढे आला आणि ठोकळा काढून अदबीने उभा राहिला. मास्तर नियमाचे पक्के. त्यांनी मान वाकवली. मला त्यांच्याविषयी आदर वाटला तो तेवढा एकदाच.

आईने त्यांच्या गळ्यातला ठोकळा हाताने उचलून पाहिला.

"ह्ये लोढणं तर आपण वढाळ गुराला बांधतो," ती म्हणाली. "तू कुणाच्या शेतात शिरलास रे?"