वस्तीचा कोड

"मनाला लावून घिऊ नका मॅडम. तुम्ही त्यातल्या वाटतच न्हाई."

जोखीम विभागाचे साहेब असं म्हणाले आणि मीटिंगमधले सगळे हसले. समोरच्या पडद्यावर आमच्या वस्तीचं नाव होतं. कसबा बावड्यात, उसाच्या शेतांना लागून असलेली आमची वस्ती. नाव सांगितलं की समोरच्याला जात कळते, वेगळी विचारावी लागत नाही. नावापुढं लाल अक्षरांत लिहिलेलं : उच्च जोखीम. हा शेरा तिथल्या एकूण एक खातेदाराला. माझ्या आईलासुद्धा.

मी एवढंच विचारलं होतं, की याला आधार काय.

आणि ते हसले तेव्हा मीही हसले. होय, हसले. त्याची लाज अजून जात नाही.

कोल्हापुरातल्या एका सहकारी बँकेच्या मुख्य कार्यालयात मी डेटा गव्हर्नन्स बघते. नाव भारदस्त, काम साधं. जोखमीच्या अहवालात जी माहिती जाते ती कुठून आली, कुणी भरली, खरी आहे का, हे तपासायचं. प्रत्येक रकान्याला एक आधार लागतो. सगळं ठीक असलं की मी प्रमाणपत्रावर सही करते, मग अहवाल पुढं जातो. माझ्या सहीवाचून यांचं पान हलत नाही. चहा मात्र सगळ्यांना काचेच्या कपात येतो आणि मला कागदी. "काचेचे कप संपले मॅडम." पाच वर्षं रोज संपतात.

पण पाप माझ्या हातून झालं, तेही सांगते.

आमच्या वस्तीचे पत्ते बँकेत वाट्टेल तसे भरलेले होते. कुणी 'ओढ्याजवळ', कुणी 'समाजमंदिरासमोर', कुणी नुसतंच 'बावडा'. गेल्या वर्षी मी घराघराची खात्री करून ते सगळे एका कोडखाली आणले. आठवडाभर खपले. साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मी हुरळून गेले. दुसऱ्या महिन्यात त्यांनी त्याच कोडवर लाल शिक्का मारला. एका फटक्यात अख्खी वस्ती. पत्ते विस्कटलेले होते तोवर आमची माणसं यांना सापडत नव्हती. मी ती गोळा करून यांच्या हातात दिली. शिक्का मारल्यावरही दोन वेळा मी न वाचता सही केली.

मला ते कळलं सुमनमावशीमुळं. मावशी शेजारची. उन्हाळ्यात दारोदार फिरून लोकांचं तिखट कुटून देते. स्वतःचं कांडप यंत्र घ्यायला तिनं कर्ज मागितलं होतं. शाखेनं सांगितलं, दोन जामीन आणा, पण तुमच्या वस्तीबाहेरचे. मावशी आमच्या दारात येऊन बसली. हात तिखटानं लाल झालेले.

"तू हायस की बँकेत. आमचं काय चुकलं ते तरी सांग."

कार्यालयात जाऊन मी तिचं खातं उघडलं, तेव्हा तो लाल शिक्का दिसला. त्यानंतरच मी मीटिंगमध्ये तो प्रश्न विचारला होता. आणि वर हसून आले होते.

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी साहेबांनी प्रमाणपत्र माझ्यापुढं सरकवलं.

"करा सही. आजच पाठवायचंय."

"आधाराच्या जागी काय लिहू?"

"लिवा की, अनुभव."

"कुणाचा? मी सगळी खाती बघितली साहेब. वस्तीतलं एकबी कर्ज बुडालेलं न्हाई."

साहेबांचा चेहरा उतरला नाही. चढला.

"कोट्यातनं आलायसा न्हवं? गप नोकरी करा. न्हायतर जयसिंगपूरच्या शाखेत पासबुकं छापत बसाल."

आमच्या बँकेत भरतीला कोटाच नाही. लेखी परीक्षेत मी पहिली आले होते. साहेब अध्यक्षांचे मेहुणे. तो एवढाच कोटा या इमारतीत आहे, आणि त्याबद्दल कधी कुणी ब्र काढत नाही.

"मी सही करणार न्हाई," मी म्हणाले.

सहीच्या जागी मी लिहिलं : या रकान्याला आधार नाही. आधीच्या दोन सह्या मी न तपासता केल्या, त्या चूक होत्या. खाली पूर्ण नाव. एक प्रत साहेबांना, एक लेखापरीक्षकांना. साहेबांच्या देखत पाठवली.

संध्याकाळी मावशीच्या घरी गेले. शिक्का कसा पडला ते सगळं सांगितलं, माझा हात होता तेही. ती उठून आत गेली. मला बस म्हणाली नाही. मी बसले नाही. उंबऱ्यावर उभी राहून तिच्या नावानं अर्ज लिहिला, सहीची जागा तिच्यासाठी मोकळी ठेवली : मला कुठल्या पुराव्यावरून जोखमीची ठरवलं, ते लेखी द्या.

असेच अर्ज मी वस्तीतल्या प्रत्येक खातेदाराचे लिहिणार आहे. प्रत्येकावर साक्षीदार म्हणून माझं नाव असेल. बदली करा, काढून टाका. उत्तर लेखीच घेईन.