काँक्रीटच्या ताज्या बातम्या

काँक्रीटवर माझ्या मामेसासऱ्यांइतकं प्रेम या पृथ्वीतलावर दुसऱ्या कोणी केलं असेल, असं मला वाटत नाही. माणसं बायकोवर प्रेम करतात, मुलाबाळांवर करतात, गेला बाजार एखाद्या जुन्या स्कूटरवर करतात. मामाजींनी ते सिमेंट, वाळू, गिट्टी आणि पाणी यांच्या ओल्या मिश्रणावर केलं. रायपुरात गेली पस्तीस वर्षं ते स्लॅबचा ठेका घेतात. अर्ध्या शहराच्या डोक्यावर आपलं छत आहे असं ते स्वतःच सांगतात, आणि उरलेलं अर्धं शहर देवाच्या भरवशावर आहे हेही सांगायला विसरत नाहीत. आमच्या सौभाग्यवतींचे हे सख्खे मामा. मी रेल्वेतला साधा कारकून. माझा आणि काँक्रीटचा संबंध प्लॅटफॉर्मवर उभं राहण्यापुरता होता. लग्नानंतर तो फार वाढला.

आमची पहिली भेट लग्नाच्या मांडवातच झाली. अंतरपाट धरलेला, मंगलाष्टकं चाललेली, पाहुणे अक्षता घेऊन उभे, आणि माझ्या पाठीमागे टक्... टक्... असा आवाज. वळून पाहतो तर बुशशर्ट घातलेले एक गृहस्थ पिचकारीएवढं यंत्र कार्यालयाच्या खांबाला लावून दाबताहेत, आकडा वाचताहेत आणि नापसंतीने मान हलवताहेत. खांबाची ताकद सांगणारी ती हातोडी त्यांना त्याच आठवड्यात मिळाली होती. अक्षता पडल्या तसे ते पुढे आले, माझा हात हातात घेतला आणि आशीर्वाद द्यायच्या जागी कानात म्हणाले, "जवाईबापू, फोटो काढाले त्या कोपऱ्यात नका उभे राहू. खांब कच्चा हाय." आमच्या लग्नाचे सगळे फोटो त्यामुळे स्वयंपाकघराच्या दाराशी काढलेले आहेत, आणि प्रत्येक फोटोत मागे कोणीतरी वरणाची बादली घेऊन जाताना दिसतो.

लोकांच्या घरच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं आणि सुविचार येतात. आमच्या ग्रुपवर काँक्रीट येतं. सकाळी सहाच्या ठोक्याला मामाजींचं पहिलं बातमीपत्र: कुठल्याशा देशात यंत्राने थरावर थर देऊन घर छापलं, कुठे ड्रोनने स्लॅब तपासला, कुठे दगडाच्या भुकटीची वाळू केली. ग्रुपवर कुणाचं बारसं असो की दहावं, बातमीपत्र चुकत नाही. माझ्या चुलतसासऱ्यांच्या निधनाची बातमी आली त्या सकाळी तिच्याखाली लगेच मामाजींचा संदेश होता, "भेगा आपोआप भरणारं काँक्रीट आलं." त्यावर पाच जणांनी चुकून हात जोडले. फोनवर ते तासन्‌तास जपानी चित्रफिती पाहतात. एकदा मी विचारलं, "मामाजी, तुम्हाला जपानी कळतं?" तर माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहून म्हणाले, "भाषा कायले पायजे? माल कसा वाहून राहिला ते दिसते ना!"

घरातही हाच प्रकार. ओल्या काँक्रीटचा शंकू उलटा करून तो किती खाली बसतो हे मोजायची ठेकेदारांची एक परीक्षा असते. त्यावरून मालात पाणी किती ते समजतं. मामाजी ही परीक्षा उपम्यावर घेतात. वाटीतला उपमा ताटलीत उलटा करायचा, बाजूला वाटी ठेवायची, उपमा किती बसला ते बोटाने मोजायचं आणि आत ओरडायचं, "आज पाणी जास्त झालं वं!" मामीजी आतूनच उत्तर देतात, "खायाचा हाय, स्लॅब नाई टाकायचा." एकदा छातीत कळ आली म्हणून मामाजींना दवाखान्यात नेलं, तर हे स्ट्रेचरवरून छताची भेग पाहत होते. डॉक्टर म्हणाले, दोन दिवस ठेवावं लागेल. मामाजी म्हणाले, "राहतो ना. पण खालच्या मजल्यावर ठेवा." डॉक्टरांना वाटलं, पेशंटला जिन्याची भीती आहे.

आता असा माणूस कामावर तरी सगळी आधुनिक यंत्रं वापरत असेल, असं कोणालाही वाटेल. यंत्रं सगळी आहेत. लेसरची लेव्हल आहे, काँक्रीटच्या पोटात ठेवायचा आणि मोबाइलवर तापमान कळवणारा सेन्सर आहे, लग्नाचे फोटो काढणाऱ्याकडून घेतलेला छोटा ड्रोन आहे. पण लेसरने लेव्हल लावून झाली की मामाजी हळूच पाण्याची नळी धरून ती पुन्हा तपासतात, आणि सेन्सरने काहीही कळवलं तरी स्लॅबवर चप्पल काढून अनवाणी चालून पाहिल्याशिवाय त्यांचं समाधान होत नाही. सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावर त्यांनी तयार काँक्रीटचा ट्रक मागवला, तो प्रसंग तर अजून लोक सांगतात. हातमिक्सरचा जमाना गेला, असं त्यांनी आठवडाभर आधी सगळ्या गल्लीला ऐकवलं होतं. ट्रक आला, सदर बाजाराच्या तोंडाशी थांबला आणि स्कूटरींच्या गर्दीत असा रुतला की पुढेही जाईना न् मागेही येईना. आत माल घट्ट व्हायला लागला. शेवटी मामाजींनी जवळच्या कामावरून रेजा बोलावल्या. डोक्यावरून माल वाहणाऱ्या या बाया ट्रकपासून दुकानापर्यंत रांगेत उभ्या राहिल्या आणि घमेल्याघमेल्याने त्यांनी तो सगळा आधुनिक माल वर चढवला. त्यांतली एक वयस्क रेजा जाता जाता म्हणाली, "हमर मूड़ ले बढ़िया मशीन कोनो नइ हे, मालिक." बाईच्या डोक्यापेक्षा चांगलं यंत्र नाही, हे मामाजींनी ताबडतोब मान्य केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला ग्रुपवर नवीन पंपाची चित्रफीत होती.

या सगळ्यात एक गोष्ट मात्र मला कधी हसण्यावारी नेता आली नाही. ती म्हणजे त्यांचं स्वतःचं घर. तेलीबांध्याला तलावामागच्या वस्तीत तेवीस वर्षांपूर्वी त्यांनी तळमजला बांधला, आणि वरच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळ्या गच्चीवर तशाच सोडल्या. तेव्हा घर आणि तलाव यांच्यामध्ये नुसतं मोकळं मैदान होतं. मामीजींचं माहेर वर्ध्याकडचं. तिथल्या विहिरीला मार्च लागला की तळ दिसायचा. गच्चीवर पहिल्यांदा चढल्या तेव्हा त्या बराच वेळ तलावाकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "वर एक खोली काढा. खिडकी इकडं ठेवजा. एवढं पाणी रोज दिसलं तं मले दुसरं काही नको." मामाजींनी शब्द दिला, "पुढच्या दिवाळीआधी."

त्या दिवाळीआधी बाजारात राखेच्या विटा आल्या. त्या कशा टिकतात ते पाहू, म्हणून खोली थांबली. मग तयार काँक्रीट आलं, मग त्यात टाकायची रसायनं आली, मग धागे आले, मग सेन्सर आले. मामीजींनी आठवण केली की मामाजी म्हणायचे, "आता घाई कायले? अजून चांगलं येऊन राहिलं ना. दुसऱ्याच्या घरी काहीही चालते. तुया खोलीले जगातलं सगळ्यात भारी लागन." हे ते खोटं बोलत नव्हते, ही त्यांची खरीखुरी माया होती, आणि तिच्यापायीच ती खोली बावीस वर्षं झाली नाही. सळ्या गंजू नयेत म्हणून दर पावसाळ्याआधी ते त्यांना सिमेंटचं पाणी लावायचे, वर प्लास्टिकच्या बाटल्या पालथ्या घालायचे. मामीजींनी त्या सळ्यांवर कपड्यांची दोरी बांधली, तोंडलीचा वेल चढवला, आणि वाट पाहायची बंद केली असं निदान आम्हाला वाटलं.

तीन वर्षांपूर्वी त्या मैदानावर सात मजली इमारत उभी राहू लागली आणि तिच्या स्लॅबचा ठेका मामाजींना मिळाला. त्यांच्या आयुष्यातलं हे सगळ्यात मोठं काम. जे जे बातमीपत्रात आलं होतं, ते सगळं त्यांनी तिथे केलं. पंप आला, सेन्सर आले, लेसर आला, ड्रोन रोज उडाला. संध्याकाळी घरी आले की ते मामीजींसमोर फोन धरायचे. मीही एकदा तिथे होतो. चित्रात इमारतीच्या मागे ऊन पडलेला तलाव चमकत होता. मामीजी म्हणाल्या, "अवं माय, तलाव किती छान दिसते वरून!" मामाजी वैतागले, "तलाव काय पाहून राहिली? फिनिशिंग पाह!" मामीजींनी निमूटपणे फिनिशिंग पाहिलं.

गेल्या वर्षी पावसाळ्याआधी मामाजी नेहमीप्रमाणे सळ्यांना सिमेंटचं पाणी लावायला गच्चीवर गेले. बादली धरायला मी होतो. ब्रश हातात धरून त्यांनी समोरच्या इमारतीकडे अभिमानाने बोट केलं. "लाईन पाहा जवाईबापू. सात मजले, एक सूत इकडचं तिकडं नाही." मी पाहिली. लाईन खरंच सुरेख होती. मग माझ्या तोंडून अगदी सहज निघून गेलं, "मामाजी, इथून तलाव दिसायचा ना?"

त्यांचा ब्रश थांबला. ते गच्चीच्या डाव्या टोकाला गेले, उजव्या टोकाला गेले, वाकून पाहिलं, शेवटी बादली पालथी घालून तिच्यावर चढले. सिमेंटचं पाणी गच्चीभर झालं, पण त्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मग ते एकदम खाली उतरून गेले. मीही मागोमाग गेलो. स्वयंपाकघरात मामीजी तोंडली चिरत होत्या.

"तुले तलाव केव्हापासून दिसत नाही?" मामाजींनी विचारलं.

"तिसऱ्या स्लॅबपासून," मामीजी म्हणाल्या.

"मग बोलली काहून नाही?"

"तुमी खूश होते ना," मामीजी म्हणाल्या आणि पुढचं तोंडलं घेतलं.

मला त्या क्षणी तिथे उभं राहायची लाज वाटली. मामाजी ओट्याला टेकून उभे होते. हातातला ब्रश फरशीवर टपकत होता आणि मामीजी त्याखाली फडकं सरकवत होत्या.

पुढचे चार दिवस ग्रुपवर काँक्रीटची एकही बातमी आली नाही. नागपूरहून, भिलाईहून नातेवाइकांचे फोन सुरू झाले, मामाजींची तब्येत बरी आहे ना? पाचव्या दिवशी संदेश आला: "आपल्या घरी काम सुरू केलं हाय." दीड महिन्यात भिंती उभ्या राहिल्या. स्लॅब पाऊस सरल्यावर टाकला, आणि त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. पंप नव्हता, सेन्सर नव्हता. एक जुना मिक्सर घुरघुरत होता आणि सदर बाजारातली ती वयस्क रेजा सगळ्यांत पुढे घमेलं घेऊन होती. मामाजींनी नारळ फोडला, कामगारांना पुरी-भाजी आणि बुंदी दिली, आणि पुढचे एकवीस दिवस दुसऱ्या कोणालाही पाइपला हात लावू न देता स्वतः पाणी मारलं. नवीन म्हणावी अशी एकच गोष्ट मला दिसली. जिन्याच्या पायऱ्या नेहमीपेक्षा फार बुटक्या होत्या. मी थट्टेने विचारलं, "ही कोणत्या देशाची पद्धत, मामाजी?" ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तुमच्या मामीच्या गुडघ्यायची."

खिडकीवरून मात्र दोघांचं वाजलं. मामाजींचं म्हणणं, आता ती मागच्या बाजूला ठेवू, तिकडे पेरूचं झाड तरी आहे. मामीजी हटल्या नाहीत. "मी जिकडं म्हटली होती तिकडंच राहू द्या." खिडकी तिकडेच आहे. तिच्यातून मामाजींनी टाकलेले स्लॅब दिसतात, वाळत घातलेल्या दुसऱ्यांच्या चादरी दिसतात, आणि पाण्याचा एक थेंब दिसत नाही.

परवा सहज त्यांच्याकडे गेलो होतो. बुटक्या पायऱ्या चढून वर गेलो तर मामीजी खिडकीशी खुर्ची टाकून बसलेल्या, आणि शेजारच्या स्टुलावर मामाजी, मांडीवर ड्रोनचं यंत्र. ड्रोन खिडकीतून बाहेर पडला, इमारतीच्या गच्चीवरून पलीकडे गेला आणि मामीजींच्या हातातल्या फोनवर तलाव उमटला. काठाला फिरणारी माणसं, मधे कारंजं, उतरतं ऊन. मामीजींचं लक्ष क्षणभर इमारतीच्या कडेकडे गेलं. "लाईन खरंच सीधी आली हो," त्या म्हणाल्या.

"लाईन नको पाहू वं," मामाजी यंत्रावरून नजर न काढता म्हणाले. "तलाव पाह."

मी विचारलं, हे असं किती वेळ चालतं? मामाजी म्हणाले, बॅटरी वीस मिनिटं टिकते. मोठी बॅटरी आली आहे म्हणे बाजारात, पाहू. मामीजींनी फोन जरासा खाली घेतला.

"नको. वीस मिनिटं लई झाले," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षात एवढा वेळ हे माह्यापाशी कवा बसले होते?"

ड्रोन परत आला, मामाजींनी तो पुसून डब्यात ठेवला. बॅटरी संपली होती, पण स्टुलावरून ते उठले नाहीत.